समूहशेतीचा ध्यास आणि सातबारा

शहरातील नोकरी सोडावी, समविचारी माणसांच्या एखाद्या वसाहतीत जाऊन राहावे, तेथे रसायनांवाचून अन्न पिकवावे, मातीच्या भिंती उभाराव्यात आणि जे असेल ते वाटून खावे, असे म्हणणारे तरुण-तरुणी पुण्या-मुंबईत आज ठिकठिकाणी भेटतात. 'पर्माकल्चर' हा शब्द त्यांच्या तोंडी असतो. चळवळीतील जुनी मंडळी तो ऐकताच हसतात. सुखवस्तूंचे हे नवे खूळ आहे, चार दिवस चिखलात हात घालून ही मुले परत जातील, असा त्यांचा अभिप्राय असतो. आम्हांला हे हसणे उचित वाटत नाही. बाजाराने माणसाला एकटे पाडले आहे, ही जाणीव ज्या तरुणास झाली, त्याने समाजवादाच्या निम्म्या वाटेपर्यंत स्वतःहून प्रवास केलेला आहे. उरलेल्या निम्म्या वाटेवर त्याला कोण भेटते, हा खरा प्रश्न होय. आम्ही भेटलो नाही तर जमिनीचा दलाल भेटतो.

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकातून ही कल्पना जगापुढे मांडली. शेत हे जंगलासारखे रचावे, एकाच पिकाऐवजी झाडे, वेली, धान्य आणि जनावरे एकमेकांना आधार देतील अशी लागवड करावी, पाणी उतारावर अडवून मुरवावे, असा तिचा व्यवहार आहे. त्यात आपल्या शेतकऱ्याला अगदीच परके असे थोडे आहे. तुरीच्या ओळीत ज्वारी पेरणाऱ्याला मिश्र पिकांचे महत्त्व मॉलिसनने सांगावयास नको होते. परंतु या विचाराने आपली तीन नीतितत्त्वे उघडपणे सांगितली आहेत: पृथ्वीची काळजी, माणसांची काळजी आणि न्याय्य वाटणी. पहिल्या दोन तत्त्वांवर शिबिरे भरतात, पुस्तके निघतात, घरे बांधली जातात. तिसऱ्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. कारण वाटणी म्हटली की जमीन कोणाची, हे विचारावे लागते.

समूहवसाहतींचा इतिहास या एकाच खडकावर पुनःपुन्हा आपटलेला दिसतो. रॉबर्ट ओवेनने १८२५ मध्ये अमेरिकेत 'न्यू हार्मनी' हे आख्खे गाव विकत घेतले. दोनच वर्षांत तो प्रयोग मोडला. पन्नाशीच्या दशकात आपल्याकडील समाजवाद्यांना किबुट्झचे विलक्षण आकर्षण होते. त्या जमिनीवरून कोण अरब कूळ उठले, हे विचारण्याचे भान तेव्हा थोड्यांनाच राहिले. आणि आज बहुसंख्य किबुट्झांत समान वाटणी जाऊन वेगवेगळे पगार आले आहेत. ऑस्ट्रेलियातील क्रिस्टल वॉटर्स ही ऐंशीच्या दशकात वसलेली प्रसिद्ध पर्माकल्चर वसाहत. तिची बहुतांश जमीन सामाईक आहे, ही गोष्ट निःसंशय आदरास पात्र आहे. परंतु आत येण्यासाठी खाजगी भूखंड वा घर बाजारभावाने घ्यावे लागते. म्हणजे दारावर पैशाचाच पहारा. त्या मानाने अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातली ट्विन ओक्स ही १९६७ ची वसाहत आम्हांला अधिक शिकण्यासारखी वाटते. तेथे उत्पन्न एकत्र जमा होते, आणि आठवड्याला प्रत्येकाने द्यावयाच्या चाळीसेक तासांच्या श्रमांत स्वयंपाक आणि मुलांचे संगोपन हेही काम म्हणून धरले जाते. आपल्याकडील किती आश्रमांत आणि किती कार्यकर्त्यांच्या घरांत चुलीपुढचे तास कधी मोजले गेले, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

गांधीजींचे टॉलस्टॉय फार्म याहून निराळे होते. १९१० मध्ये कालेनबाख यांनी जोहान्सबर्गजवळची आपली ११०० एकर जमीन भाडे न घेता सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली. तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांचे पोट कसे भरावे, या अडचणीतून ती वसाहत जन्मली. लढा होता म्हणून समूह उभा राहिला. लढ्यावाचून, केवळ मनःशांतीसाठी एकत्र आलेली माणसे बहुधा पहिल्या मोठ्या भांडणाला किंवा पहिल्या कोरड्या उन्हाळ्याला पांगतात.

महाराष्ट्रात आजच्या तरुणापुढे पहिली भिंत उभी राहते ती कायद्याची. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. पर्माकल्चरवाल्या मित्रांना हे कलम जाचक वाटते. शेजारच्या कर्नाटकाने २०२० मध्ये अशीच बंधने काढून टाकली. मग आपणही का काढू नयेत, असे ते विचारतात. त्यांना आमचे सांगणे असे की, हे कलम सरकारी कारकुनाच्या डोक्यातून निघालेले नाही. कसणाऱ्याला मालक ठरविणारा १ एप्रिल १९५७ हा दिवस ज्या लढ्यांतून आला, त्याच लढ्यांचे ते कुंपण आहे. ते काढले तर त्या फटीतून दहा आदर्शवादी तरुण आत येतील, आणि त्यांच्यामागून हजार एकरांचा सौदा करणारी कंपनी येईल.

तथापि कुंपण आहे म्हणून आतला कारभार शुद्ध आहे, असे मुळीच नाही. पाच-दहा मित्र पैसे काढतात, त्यांतल्या ज्या एकाच्या घराण्यात शेती आहे त्याच्या नावे खरेदीखत होते आणि बाकीचे त्याच्या शब्दावर विसंबतात. चार वर्षांनी मतभेद झाले की ज्यांनी विहीर खणली, झाडे लावली, बांध घातले, त्यांचे नाव सातबाऱ्यावर कोठेही नसते. 'इतर हक्क' या रकान्यातही नसते. म्हणून वसाहतीच्या शोधात निघालेल्या प्रत्येकाने तेथील झाडे पाहण्यापूर्वी सातबारा पाहावा. आणि त्याबरोबर आणखी एक चौकशी करावी: पाहुणे गेल्यावर येथे रोजंदारीवर कोण राबते? कित्येक ठिकाणी शहरातील मुले पैसे भरून आळी खणायला शिकतात आणि वर्षभर ती आळी राखण्याचे काम गावातले एखादे भूमिहीन जोडपे करीत असते. त्या जोडप्याला समूहाच्या बैठकीत बसण्याचा अधिकार नसेल, तर त्या जागेला समूह म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

पाणी मुरविण्याची गोष्ट तर आपण फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो मजुरांनी बांधबंदिस्तीची आणि पाझर तलावांची कामे केली. अडलेले पाणी खाली ज्याची विहीर होती तिच्यात उतरले, त्याचे शिवार हिरवे झाले, आणि ज्यांनी माती वाहिली ते पुढच्या कामावर गेले. हे कोडे ज्यांनी सोडवून दाखविले ते विलासराव साळुंखे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे त्यांनी देवस्थानाची चाळीस एकर पडीक जमीन खंडाने घेतली, उतारावर पाणी अडविले आणि त्यातून पाणी पंचायतीचा विचार उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता माणशी ठरेल. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. उसाला पाणी नाही. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, असे ते नियम होते. मॉलिसनच्या तिसऱ्या तत्त्वाचा याहून स्पष्ट तर्जुमा आमच्या पाहण्यात नाही, आणि तो मॉलिसनच्या पुस्तकाआधी सत्तरीच्या दशकात पुरंदरच्या खडकाळ माळावर सुरू झाला होता.

दुसरे उदाहरण मराठवाड्याला लागून असलेल्या जुन्या निजामी मुलखातले. तेलंगणातील जहीराबाद भागात १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधून दलित स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी पडीक जमिनी गटाने खंडाने घेतल्या, एकाच शेतात ज्वारी, बाजरी, तूर अशी अनेक पिके एकत्र घेतली, बियाणे गावातच राखले. नव्वदीच्या दशकात त्यांनी पिकविलेल्या ज्वारीतून धान्यकोष उभारला आणि गावातील सर्वांत गरीब कोण हे गावानेच ठरवून त्यांना स्वस्तात धान्य दिले. पुढे २००८ मध्ये या स्त्रियांनी स्वतःचे रेडिओ केंद्र चालू केले. १९८७ मध्ये मॉलिसन भारतात आले, त्यानंतर पर्माकल्चरचे प्रयोगही याच परिसरात रुजले. परंतु या बायका कोणत्याही वसाहतीचा शोध घेत निघाल्या नव्हत्या. त्यांचा समूह त्यांच्याच वाडीत होता. त्याला जमीन नव्हती, एवढेच.

सामूहिक शेती ही सर्वत्र फायद्याचीच ठरते, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. १९५९ च्या नागपूर काँग्रेसने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला तेव्हा चरणसिंग आणि राजाजी यांनी घेतलेले आक्षेप सर्वच खोटे नव्हते. वरून लादलेला सहकार कागदावरच राहतो हे अनेक राज्यांत दिसले. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी स्त्रियांच्या गटशेतीचा अभ्यास केला, तेव्हा केरळातील गट वैयक्तिक शेतकऱ्यांपेक्षा सरस आढळले. तेलंगणातील गट मात्र उत्पादनात मागे पडले. गट किती मजबूत, जमीन कशी, शासनाचा आधार किती, यावर सारे अवलंबून असते. केरळात तर शेतजमीन खंडाने देण्यासच कायद्याची मनाई आहे. तरी कुटुंबश्रीचे गट ती घेतात, पण कोणत्याही दिवशी ती सोडावी लागेल या भीतीत कसतात.

महाराष्ट्रात खंडाची गत फारशी वेगळी नाही. कूळ लागेल या भयाने मालक लेखी करार करीत नाही. व्यवहार तोंडी, अर्धेलीने किंवा बटाईने चालतो. आणि करार नाही म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. दुसरीकडे गावेच्या गावे ओस पडत आहेत, कोकणात पडीक रान वाढत आहे, आणि देवस्थानांच्या व संस्थांच्या कित्येक जमिनी नाममात्र खंडावर भलत्यांच्याच ताब्यात आहेत. कलम ६३ ला हात न लावता यातून वाट काढता येते. ज्या नोंदणीकृत गटात निम्म्याहून अधिक सभासद त्याच गावचे भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहेत, निम्म्या स्त्रिया आहेत, अशा गटाला पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या लेखी खंडाने मिळावी. मालकाची मालकी अबाधित राहावी आणि गटाची नोंद अधिकार अभिलेखात व्हावी. शहरातून येणाऱ्या तरुणाने अशा गटात एक सभासद म्हणून, एका मताने यावे. त्याच्याजवळचे हिशेबाचे, यंत्राचे, बाजाराचे ज्ञान गटाला हवेच आहे.

तालुका समित्यांनी या पावसाळ्याआधी आपापल्या भागातील देवस्थान जमिनींची यादी तलाठी कार्यालयातून मिळवावी, आज ती जमीन प्रत्यक्षात कोण कसतो याची पीकपाहणीशी पडताळणी करावी आणि एका गावात तरी असा एक गट उभा राहतो का ते पाहावे. वसाहतीचा पत्ता विचारीत येणाऱ्या तरुणाला देण्यासाठी मग आपल्यापाशी एखाद्या गावाचे नाव असेल.