न्यायाला तेहतीस वर्षे?

फोंडाघाटच्या एखाद्या भगिनीची प्रसूती अडली की कणकवली, नाहीतर थेट गोव्याचे बांबोळी गाठावे लागते. त्या विलंबात बाळाला प्राणवायू अपुरा पडला, तर मेंदूची इजा जन्माची सोबतीण होते. प्रत्येक वेळी दोष डॉक्टरांचाच असतो असे नव्हे. पण हलगर्जीपणा झाला असेल तर दैवाला बोल लावून गप्प का बसावे?

संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये एक माता प्रसूत झाली. पाठोपाठच्या नसबंदी शस्त्रक्रियेत पोटात कापड राहिले आणि ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले ते १९९६ साली!

सर्वांनाच मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाचे दार बंद असले, तरी दिवाणी दावा करता येतो. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अशा कुटुंबासोबत ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत आपल्यापैकी कोणीतरी जावे. तत्पूर्वी उपचारांची कागदपत्रे लेखी मागावीत. ती ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.