टीम जिंकली, तरी चाहता नाखूश का? निसटत्या विजयामागचं गणित समजून घ्या

टीम १-० ने जिंकते. तीन गुण खात्यात जमा होतात. तरीही फुटबॉलचा चाहता तोंड पाडून बसतो आणि घरचे विचारतात, "जिंकलात ना? मग रडायला काय झालं?"

कळंबोलीत राहणाऱ्या मुंबई सिटी एफसीच्या चाहत्यासाठी हा प्रश्न जरा जास्तच बोचरा आहे. डी. वाय. पाटील स्टेडियम नेरूळला, म्हणजे तसं हाकेच्या अंतरावर. पण टीमचं घरचं मैदान अंधेरीत. सामना संध्याकाळी साडेसातचा असला, तर हार्बर लोकलने परतून मानसरोवर किंवा खांदेश्वरला उतरेपर्यंत मध्यरात्र होते. एवढी वेळ आणि पैसे घालून आलेला माणूस फक्त निकाल विकत घेत नाही. निकाल मोबाइलवर फुकट दिसतो. त्याला टीम कशी खेळतेय ते बघायचं असतं.

त्याची कुरकुर म्हणजे नखरे नव्हेत. तिच्यामागे गणित आहे.

'एक्सजी' म्हणजे काय?

फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. त्यामुळे एखादा चेंडू पायाला लागून वळला, रेफ्रीचा एक निर्णय फिरला, की सगळा निकाल बदलतो. म्हणूनच विश्लेषक 'एक्सजी', म्हणजे अपेक्षित गोल, हे माप वापरतात. प्रत्येक फटका कुठून, कोणत्या कोनातून मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता मोजायची आणि त्यांची बेरीज करायची. पेनल्टीची किंमत साधारण ०.७६ ते ०.७९ धरली जाते. लांबून मारलेल्या आशावादी फटक्याची किंमत त्यापुढे किरकोळ.

समजा आपल्या टीमचा एक्सजी ०.८ आहे आणि समोरच्यांचा १.८. संभाव्यतेचं साधं गणित मांडलं, तर असा सामना आपण सहापैकी सुमारे एकदा जिंकतो. जिंकलो, तर आनंद व्हायलाच हवा. पण असंच खेळत राहिलो तर उरलेल्या पाच वेळा काय होणार, हे चाहत्याला स्टॅंडमध्ये बसूनच कळलेलं असतं. त्यासाठी त्याला एक्सेल शीट लागत नाही.

फातोर्ड्याची ती रात्र

२४ एप्रिल २०२४. आयएसएल उपांत्य फेरीचा पहिला सामना, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी, मैदान मडगावजवळचं फातोर्डा. ८९ मिनिटं झाली तेव्हा मुंबई ०-२ ने मागे होती. ९०व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल केला, लगेच विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेनेच तिसरा मारला. मुंबई ३-२.

पनवेलहून सुरू होणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११पासून रखडत आलं. इथे सगळा प्रवास सहा-सात मिनिटांत उरकला!

जल्लोष झालाच. पण जवळपास पूर्ण सामना टीम हरत होती, हेही खरं. त्याच महिन्यात, १५ एप्रिलला, मोहन बागानकडून १-२ हरून मुंबईने लीग शील्ड गमावली होती. तेव्हा धास्ती बाळगणाऱ्याला वेड्यात काढण्याचं कारण नव्हतं.

पुढे काय झालं? २९ एप्रिलला अंधेरीत मुंबईने गोव्याला २-० ने हरवलं आणि ४ मे रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून कप उचलला. म्हणजे पीटर क्रॅटकीच्या टीमला फातोर्ड्याच्या विजयाने सावरायला वेळ मिळवून दिला आणि तिने तो वापरलाही. वाईट खेळून जिंकण्याचा खरा फायदा हाच.

उलटंही घडतं. ११ मार्च २०२५ला बंगळुरूत मुंबईने बंगळुरू एफसीला २-० ने हरवून प्ले-ऑफमधली शेवटची जागा मिळवली. अवघ्या १८ दिवसांनी, त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याकडून टीम ०-५ अशी हरली आणि मोसम संपला. आधीच्या निकालात याची चाहूल कुठेच नव्हती. ३६ गुणांसह सहावं स्थान मिळवताना जो अडखळत खेळ झाला होता, त्यात मात्र ती होती.

म्हणून 'चॅम्पियन टीम वाईट खेळूनही जिंकते' हे लाडकं वाक्य जपून वापरायला हवं. चॅम्पियन टीम कधीतरी वाईट खेळूनही जिंकते. दर आठवड्याला तसं जिंकणाऱ्या टीमचा फक्त गोलकीपर चांगला असतो, किंवा नशीब. पुढच्या वेळी निसटता विजय मिळाला, तर स्कोअर बघून ॲप बंद करू नका. खाली 'ऑन टार्गेट' फटके किती ते बघा आणि शेवटची वीस मिनिटं चेंडू कुणाच्या हाफमध्ये होता ते आठवा. आणि शेजारी बसलेला कुरकुरत असेल, तर त्याला विचारा की त्याला नेमकं काय खटकलं.