अमेरिकेत सगळे हेच लावतात?

गेल्या पावसाळी दिवसांतली गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी क्युरपीपहून खाली उतरत होता. एका वळणावर त्याच्या मोटारीचा मागचा भाग घसरला, मोटार गरकन फिरली आणि दगडी भिंतीवर आदळली. त्याचा पाय मोडला, तो पुढे जुळला. शेजारी बसलेला त्याचा मित्र मात्र आजही काठी घेऊन चालतो. दोघेही बाविशी-तेविशीतले. दारूचा थेंब नव्हता, वेगही फार नव्हता. कारण मागच्या दोन चाकांवर होते. कोणाकडून तरी स्वस्तात घेतलेले, वापरलेले, जवळजवळ गुळगुळीत असे शर्यतीचे टायर त्याने तिथे बसवले होते.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, अमेरिकेत तर सगळे हेच लावतात."

आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून पाठ शिकवू नये, एवढे शिक्षकाला कळले पाहिजे. पण त्या वाक्याला उत्तर द्यायचे राहून गेले, आणि ते वाक्य त्या एकट्याचे नाही. आपल्या कितीतरी घरांतली मुले फोनवर अमेरिकेतल्या शर्यती पाहतात आणि वडिलांच्या मोटारीची चाके बदलायला निघतात. म्हणून ते उत्तर आज या पानावर देत आहोत. आम्ही मोटारीचे कारागीर नाही. पण त्याआधीच्या जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही न्यू जर्सीत बहिणीकडे गेलो होतो, आणि अमेरिकेत खरोखर काय लावतात, कसे लावतात आणि केव्हा काढतात, हे भाच्याच्या कृपेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलो.

प्रथम ही शर्यत म्हणजे काय ते सांगतो. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात. हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर धावायचे. वळण नाही, समोरून येणारी गाडी नाही. याला ड्रॅग शर्यत म्हणतात. थांबलेल्या मोटारीला एकदम वेग द्यायचा असल्याने सारा खेळ पहिल्या काही मीटरांत ठरतो. इंजिन कितीही ताकदवान असो, ती ताकद जमिनीला मिळते ती टायरांच्या तळहाताएवढ्या ठशांतूनच. ठसा घसरला की इंजिनाची ताकद धुरात जाते.

या शर्यतीचा जन्म कसा झाला हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण मुले जुन्या मोटारी दुरुस्त करून रात्री रस्त्यांवर पळवू लागली. अपघात वाढले, लोक संतापले. तेव्हा १९५० साली सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे भरून शर्यत लावण्याची सोय झाली. १९५१ साली वॉली पार्क्स या मासिक-संपादकाने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. मुलांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त पट्टीवर आणायचे, आणि पट्टीवर येणाऱ्या प्रत्येक मोटारीची आधी तपासणी करायची, हा तिचा हेतू. १९५३ साली पोमोना येथे तिची पहिली स्पर्धा झाली आणि १९५५ साली कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा. म्हणजे ज्या खेळाचे नाव घेऊन आपली मुले रस्त्यावर उतरतात, तो खेळ मुलांना रस्त्यावरून हटवण्यासाठीच उभा राहिला.

आता भाच्याकडे वळू. तो तिशीतला, संगणकाच्या नोकरीत. त्याची मोटार फोर्ड मस्टँग, रोज ऑफिसला नेण्याची. एका शनिवारी त्याने आम्हाला ग्रेट मेडोज येथील पट्टीवर नेले. १९६० साली सुरू झालेल्या या पट्टीचे नाव आयलंड ड्रॅगवे. नावात बेट पाहून आम्हाला घरच्यासारखे वाटले. निघण्यापूर्वी त्याने मागच्या आसनावर दोन चाके चढवली आणि सामानाच्या कप्प्यात जॅक, पाना आणि हवा भरण्याचा लहान पंप ठेवला. आम्ही विचारले, "अरे, एवढा पसारा कशाला? घरूनच बसवून का नेत नाहीस?" तो हसून म्हणाला, "मामा, संध्याकाळी कळेल."

पट्टीवर पोचल्यावर चाके बदलताना त्याने निवड कशी केली ते समजावले. आम्ही शिक्षक असल्याने ते वहीत उतरवून घेतले.

त्याच्या मोटारीला मागे मूळचे टायर होते २७५/४० आर १९. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे भिंत ११० मिलिमीटर उंच आणि पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर. शर्यतीसाठी त्याने घेतले ३०५/४५ आर १७. गणित करा, भिंत १३७ मिलिमीटर, व्यास सुमारे ७०६. रिम दोन इंचांनी लहान झाली, भिंत उंच झाली, पण चाक जवळजवळ तेवढेच राहिले. त्यामुळे गिअरचे प्रमाण बिघडले नाही आणि वेगाचा काटाही खोटे बोलू लागला नाही. उंच आणि मऊ भिंत सुरुवातीचा झटका पोटात घेते, दबते, आणि टायर घसरण्याऐवजी जमीन धरतो. आपल्याकडे मुले उलटे करतात. मोठी चकचकीत रिम आणि पापडासारखा पातळ टायर. दिसायला ऐट, पण ड्रॅग शर्यतीत त्याचा उपयोग नाही आणि खड्ड्यात रिम वाकते ती वेगळीच.

रिम निवडताना रंग शेवटी पाहायचा. टायरच्या रुंदीला पुरेल अशी रिमची रुंदी हवी, आत ब्रेकला जागा हवी आणि बाहेर पत्र्याला घासता कामा नये. वजन जितके कमी तितके चांगले, कारण फिरणाऱ्या वजनाला वेग देण्यातच ताकद खर्च होते. बोल्टवर नटचे आटे पुरेसे खोल बसले पाहिजेत, निदान बोल्टच्या जाडीइतके. तपासणीत तेही पाहतात. भाच्याच्या पुढच्या चाकांत ब्रेक मोठे असल्याने तिथे लहान रिम बसत नाही, म्हणून पुढे मूळचीच चाके राहिली. काहीजण पुढे मुद्दाम अरुंद टायर लावतात. पण पट्टीच्या शेवटी मोटार थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्याच टायरांना करायचे असते. रोजच्या मोटारीला हा मोह बरा नव्हे, असे त्याचे मत, आणि ते आम्हाला पटले.

टायरांचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला साधा रस्त्याचा टायर. दुसरा स्लिक, म्हणजे अजिबात खाचा नसलेला, जो अमेरिकेतही रस्त्यावर कायद्याने चालत नाही. तिसरा ड्रॅग रेडियल, जो या दोहोंच्या मधला. त्याला थोड्या खाचा असतात आणि रस्त्यावर चालण्याचा सरकारी शिक्काही असतो. आमच्या विद्यार्थ्याची फसगत इथेच झाली. शिक्का आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे तो समजला. पण टायरच्या कडेला झिजेचा एक आकडा छापलेला असतो. साध्या टायरवर तो तीनशे, चारशे, पाचशे असा असतो. काही ड्रॅग रेडियलवर तो चक्क शून्य असतो. रबर इतके मऊ की थोड्याच प्रवासात खाचा नाहीशा होतात. खाचांचे काम पाणी बाहेर काढण्याचे. खाचा गेल्या की ओल्या रस्त्यावर टायर पाण्यावर तरंगतो, आणि तरंगणाऱ्या चाकाला सुकाणू कळत नाही, ब्रेकही कळत नाही.

शिवाय त्या टायरांची पकड निम्मी उसनी असते. पट्टीच्या सुरुवातीच्या भागावर चिकट द्रव फवारतात आणि वर रबराचा थर बसलेला असतो. आम्ही चालून पाहिले तर जोड्याचा तळ चिकटत होता. धावण्यापूर्वी चाके जागच्या जागी फिरवून टायर गरम करतात. हवा कमी करतात. साध्या टायरात तीस-पस्तीस पौंड असते, तिथे भाच्याने अठरा ठेवली. टायर तोच, पण हे सारे काढून घेतले आणि थंड, ओला, धुळीचा रस्ता दिला, तर त्या टायरचे काय उरते?

संध्याकाळी त्या पसाऱ्याचा अर्थ कळला. चार फेऱ्या झाल्यावर भाच्याने पुन्हा जॅक लावला, शर्यतीची चाके काढली आणि मूळची बसवली. पाऊण तास गेला. आम्हाला भूक लागली होती, म्हणून थोडे कुरकुरलोही. महामार्गावर लागलो आणि वीस मिनिटांत धो धो पाऊस कोसळला. वायपर पुरे पडेनात. आमची मोटार मात्र सरळ चालली होती. भाचा काही बोलला नाही आणि आम्हीही बोललो नाही.

त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. २००५ पासून तिकडे हॉट रॉड मासिकाचा ड्रॅग वीक भरत आला आहे. एका आठवड्यात पाच दिवस शर्यती, आणि एका पट्टीहून दुसऱ्या पट्टीला त्याच मोटारीने सार्वजनिक रस्त्यावरून जायचे, एकूण सुमारे हजार मैल. मदतीची गाडी मागे ठेवायची नाही. अतिशय वेगवान मोटारींचे मालकही मागे एक लहान ट्रेलर जोडतात आणि त्यात शर्यतीचे टायर ठेवतात. पट्टीवर एक जोडी, रस्त्यावर दुसरी. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याला उत्तर असे: बाळ, अमेरिकेत पुष्कळजण ते लावतात हे खरे. पण जाणते लोक घरी निघण्यापूर्वी ते काढतात. ते काढणे चित्रफितीत दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या बेटावरच्या बहुतेक लहान जपानी मोटारींना इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. मस्टँगची ताकद मागे, म्हणून तिचे शर्यतीचे टायर मागे. आमच्या विद्यार्थ्याने चित्र पाहून आपल्या मोटारीलाही मागेच लावले. वेग वाढवायला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, आणि पावसात मागचा भाग घसरवायला मात्र ते पुरेसे होते. रेद्वीच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते की मूल पाहून शिकते. त्यात आम्ही आज एवढेच जोडतो की अर्धवट पाहिलेले मूल अर्धवटच शिकते.

काही वाचक म्हणतील, मास्तर, सरळ सांगा ना की शर्यत वाईट. तसे आम्ही सांगणार नाही. वेगाची ओढ तरुणपणी असतेच. नुसत्या बंदीने मुले अंधारात जातात, आणि आपल्या मोटारमार्गावर रात्री होणाऱ्या रालींच्या बातम्या आपण वाचतोच. अमेरिकेनेही ही चिंता संपवलेली नाही. न्यू जर्सीतली इंग्लिशटाउनची नामांकित पट्टी २०१८ साली शर्यतींना बंद झाली आणि ॲटकोची २०२३ साली. भाचा म्हणाला, "मामा, पट्टी दूर गेली की रस्ता जवळचा वाटतो." ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

आपल्या पोर्ट लुईत शां द मार्सवर १८१२ पासून घोडे धावत आले आहेत. तिथे कुंपण आहे, पंच आहेत, नियम आहेत, म्हणून कोणी बाजारपेठेत घोडा पळवत नाही. मोटारींच्या बाबतीतही हेच शहाणपण हवे. मुलांना सहज पोचता येईल, थोड्या पैशांत उतरता येईल अशी बंदिस्त सरळ पट्टी, दारावर तपासणी, डोक्यावर हेल्मेट आणि जवळ रुग्णवाहिका. सरकारने आणि मोटारींच्या क्लबांनी मिळून हे करावे. आपल्या मंडळांनीही या मागणीत आवाज मिसळावा. ती मुले आपलीच आहेत.

पालकांना आमची विनंती अगदी लहान आहे. रविवारी मुलाबरोबर अंगणात जा आणि मोटारीची चारही चाके पाहा. खाचा किती खोल उरल्या आहेत ते बोटाने चाचपा. कडेचे आकडे त्याच्याकडूनच वाचून घ्या आणि त्यांचा अर्थ त्यालाच विचारा. त्याला माहीत असेल तर तुम्ही शिका. माहीत नसेल तर दोघे मिळून शिका. आमच्या विद्यार्थ्याशी हे बोलणे आम्ही शाळेतच करायला हवे होते. तेव्हा आम्ही त्याला अपूर्णांक शिकवत होतो, आणि टायरच्या कडेवर अपूर्णांकच लिहिलेला असतो, हे आमच्या ध्यानात आले नाही.