खोक्यातील न्यूटन

‘हॅम’ म्हणजे हौशी रेडिओचालक. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातील वसीका गावी १९५० च्या दशकात बनलेले जॉन्सन कंपनीचे व्हॉल्ववर चालणारे ‘व्हायकिंग’ प्रेषक हॅम मंडळी आजही हौसेने विकत घेतात. आता हा व्यवहार इंटरनेटवरून होतो. किमतीची घासाघीस भरपूर होते, वेष्टनाविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या मते आधी वेष्टनाचे बोलावे.

का, ते पाहा. खोके १ मीटर उंचीवरून पडले आणि वेष्टन १ सेंटिमीटर दबून थांबले, तर आतील वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १०० पट बल येते. ५ किलोचा ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी ५०० किलोंसारखा ओढ घेतो. बोल्ट तुटतात, पत्रा वाकतो, व्हॉल्व फुटतात. वेष्टन १० सेंटिमीटर दबले, तर हेच बल दहापटींवर येते.

म्हणून जाणकाराकडून ट्रान्सफॉर्मर व व्हॉल्व काढवून ते वेगळ्या खोक्यांत, जाड गादीत पाठवावेत, असा आग्रह ग्राहकाने धरावा आणि त्याचा जादा खर्चही आनंदाने सोसावा. फुटलेल्या मालाची भरपाई पैशाने होईल. पण हे प्रेषक आता बनत नाहीत. एक मोडला की जगातला एक कायमचा कमी झाला.