अंगण पाहून झाड लावावे

आमच्या शाळेच्या ऑफिसपुढे थोडी मोकळी जागा आहे. आम्ही ती पावलांनी मोजली. लांबी बारा पावले आणि रुंदी आठ पावले भरली. एका बाजूला वर्गाचे पत्रे आहेत, वरून विजेच्या तारा गेल्या आहेत. या पावसाळ्यात तिथे शोभेचे एक झाड लावायचे आहे. कोणते लावावे यावरून वर्गात लई वाद चालू आहे.

बरीच मुले म्हणतात, गुलमोहर लावा. उन्हाळ्यात तो लालभडक दिसतो, हे खरे. पण तो तीस-चाळीस फूट वाढतो आणि छत्रीसारखा पसरतो. त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. वादळात फांदी पत्र्यावर पडली तर? तारांना लागला म्हणजे तोडावाच लागणार. माझी आजी म्हणते, "लहान जागेत मोठं झाड लावायचं अन् मग कुऱ्हाड घेऊन त्याच्या मागं लागायचं. ह्यात झाडाचा काय गुन्हा?" रोप हातभर असते तेव्हा सगळीच झाडे लहान दिसतात. म्हणून ते मोठेपणी केवढे होईल, हे आधी विचारावे. गुलमोहर रस्त्याच्या कडेला खुशाल लावा.

काही मुली देवचाफा म्हणतात. तो लहान राहतो, फांदी खोचली तरी जगतो. पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर आग होते. पहिलीची पोरे ऐकत नाहीत. कण्हेर तर विषारीच.

माझे मत पारिजातकाला आहे. तो सहसा दहा-पंधरा फुटांवर थांबतो. छाटला तरी पुन्हा फुटतो. फुले रात्री उमलतात आणि सकाळी खाली सडा पडतो. ही फुले भुईवरची वेचलेली असली तरी देवाला चालतात. म्हणजे फांदी ओढायचे कामच नाही! सत्यभामेच्या अंगणातल्या पारिजातकाची फुले रुक्मिणीच्या दारात पडत. आपली फुले कुंपणाबाहेर पडली तर शेजाऱ्यांनीही वेचावीत.

आता पाण्याचे सांगते. 2016 साली आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आपल्या अंबाजोगाई तालुक्यातही उन्हाळा कडकच असतो. पारिजातक एकदा रुजला की फार पाणी मागत नाही, पण पहिले दोन उन्हाळे त्याला जपावेच लागेल. जेवणाआधी आपण हात धुतो, ते पाणी आळ्यात सोडावे. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेजवळच्या मुलांनी वार वाटून घ्यावेत. सोमवार माझा.

पालकांनो, तुम्हाला हे पटले तर जाताना गुरुजींना तसे सांगून जा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी