वॉलरस आणि मी

परवा एका नव्या मुलीचा पायथन कोड तपासत होतो. एका ओळीत तिने := वापरलं होतं. हात सवयीने 'हे काढ' असं लिहायला गेला, आणि थांबलो. २०१८ साली याच चिन्हावरून मी मित्रांशी तावातावाने भांडलो होतो. (आडवं पाहिलं तर वॉलरसचे डोळे आणि सुळे दिसतात, म्हणून ते टोपणनाव.)

आत्यालाही कळेल असं सांगतो. = म्हणजे 'या डब्यात हे ठेव', == म्हणजे 'हे दोन सारखे आहेत का?' सी भाषेत 'जर'च्या कंसात चुकून एकच = पडलं, तर तपासणी होतच नाही, उलट डब्यातली वस्तू बदलते. नोकरीच्या पहिल्या वर्षी या एका चिन्हापायी माझी अख्खी रात्र गेली होती. पायथनमध्ये हा धोकाच नव्हता. मग कशाला उकरून काढायचं, असं माझं म्हणणं.

पण फाइल तुकड्यातुकड्याने वाचायची, तर वाचायची ओळ बऱ्याचदा दोनदा लिहावी लागे: लूपच्या आधी आणि पुन्हा आत. एक बदलली की दुसरी हमखास विसरायची. := ने ती एकदाच लिहिता येते. आणि चिन्ह वेगळं असल्याने 'जर'मध्ये नुसतं = पडलं तर पायथन आजही अडवतेच. हे सगळं तेव्हाही कुणीतरी समजावलं होतं. मी ऐकलं नाही, इतकंच.

पायथनचा जनक गिडो व्हॅन रोसम याने तो प्रस्ताव मंजूर केला आणि जुलै २०१८ मध्ये प्रमुखपद सोडलं. एका प्रस्तावासाठी इतकं भांडायचं आणि वर इतक्या लोकांची नाराजी घ्यायची, याला तो कंटाळला होता. वारसही नेमला नाही. पुढे निवडून आलेली पाच जणांची समिती कारभार बघू लागली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये, ३.८ आवृत्तीत, वॉलरस आला.

नव्या मागणीला पहिलं उत्तर 'नाही' असावं, हे मी अजूनही मानतो. भाषेत एकदा आलेली गोष्ट काढणं महाकठीण. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आली, आणि दुसरीचा आधार थांबायला जानेवारी २०२० उजाडला! पण आम्ही घरबसल्या मतं ठोकायची आणि उत्तरं मात्र एकाच माणसाने देत बसायचं, हे तेव्हा खटकायला हवं होतं. तेव्हा तर मजा वाटत होती.

असो. तिची ओळ तशीच ठेवली. फक्त डब्याचं नाव बदलायला सांगितलं, ते खरंच वाईट होतं.