कपाटाची जात आणि आमची चिकित्सा

आमच्या वस्तीतल्या वाचन मंडळात आम्ही तीन कादंबऱ्या वाचल्या. मत स्पष्टच सांगतो.

नंदा खरे यांची 'उद्या' भविष्याची गोष्ट आहे. बाजार आणि पाळत माणसाला कसे गिळतात, हे वाचून आम्ही हादरलो. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' धरणाने उठवलेल्या माणसांची. तिची भाषा मनातून जात नाही. शरणकुमार लिंबाळे यांची 'सनातन' इतिहासाचा प्रचंड पट मांडते, पण तिची पात्रं मध्येच भाषण देऊ लागतात, असं आम्हाला वाटलं.

यावर काही बांधव नाराज झाले. आपल्याच लेखकाला नावं का ठेवता?

आमचं उत्तर ऐका. पहिल्या दोन्ही कादंबऱ्यांना साहित्य अकादमी जाहीर झाला (खरे यांनी तो नाकारला). 'सनातन'ला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. तरीही आमच्या ग्रंथालयात पहिल्या दोन 'कादंबरी'च्या कपाटात आणि 'सनातन' मात्र 'दलित साहित्या'च्या! समीक्षकही तेच करतात. 'दाहक अनुभव' म्हणून पाठ थोपटतात, रचनेवर एक शब्द बोलत नाहीत. ही दया आहे, समता नव्हे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. साहित्यातली भक्ती वेगळी कशी? आपल्या लेखकाची कठोर चिकित्सा करणं म्हणजेच त्याला पूर्ण लेखक मानणं.

कपाट एकच हवं. कसोटीही एकच.

जय भीम!